भट्टी उघडेपर्यंत

आमच्या घरात काचेचा पेला फुटला, की आवाजापाठोपाठ ओसरीवरून, माजघरातून, माडीवरून एकच प्रश्न येतो, 'कुणी फोडला?' तुमच्या घरी काही वेगळं होत असेल असं मला वाटत नाही. फुटलं म्हणजे कुणीतरी फोडलं, आणि जिच्या हातात होतं तिनंच फोडलं, हा आपल्याकडचा सरळ हिशेब! मी दोन तपं मातीची भांडी आणि शिल्पं करते आहे, ती भट्टीत भाजते आहे. म्हणजे वर्षाकाठी शंभरेक वस्तू माझ्या हातून फुटतात. त्यामुळे या प्रश्नाशी माझी जुनी ओळख आहे.

भेटणाऱ्या बायका म्हणतात, 'तुमचं बरंय बाई. छंदाचा छंद, शिवाय देशोदेशीचे महोत्सव!' मी हसते. महोत्सव असतातच. पण त्याआधी जुन्या साड्यांत गुंडाळलेली भांडी, रात्रीची पॅसेंजर, हमालाला 'हळू रे बाबा' अशी विनवणी आणि मुक्कामाला पोचल्यावर खोका उघडतानाची धाकधूक असते. ही धाकधूक मला मातीनंच शिकवली, आणि तिच्याशी कसं वागायचं तेही.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. लग्न होऊन कृष्णाकाठच्या या तालुक्याच्या गावी आले. धाकटी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा, 2001 मध्ये, शेजारच्या राज्यातल्या दहा दिवसांच्या एका शिबिरात नाव घातलं. तिथं पहिल्यांदा 'राकू' पाहिलं. राकूची परंपरा मूळची जपानची. सोळाव्या शतकात क्योटोमध्ये चोजिरो नावाच्या कारागिरानं चहाच्या समारंभासाठी असे वाडगे घडवले. पुढे 1960 च्या दशकात अमेरिकेत पॉल सोल्डनर यांनी त्याला धुराची जोड दिली. आज शिबिरांतून दिसतं ते बहुतेक हेच अमेरिकी राकू. भांडं हजार अंशांच्या आसपास पोचलं, वरचा काचेसारखा थर म्हणजे ग्लेझ वितळून चमकायला लागला, की लांब चिमट्यानं ते लालभडक भांडं बाहेर काढायचं आणि लाकडाच्या भुश्यात टाकून वर झाकण घालायचं. भुसा पेटतो, झाकणाखाली हवा संपते, धूर कोंडतो. तो धूर भांड्यात मुरतो आणि ग्लेझच्या बारीक भेगांत काळ्या रेघांची जाळी उमटते.

माझी पाळी आली. चिमट्यात माझा वाडगा धरला, बाहेर काढला आणि 'टण्ण' असा आवाज होऊन तो उभा चिरला. अर्धा चिमट्यात, अर्धा जमिनीवर! भोवती तीस माणसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडातून आपोआप 'सॉरी, सॉरी' निघालं. शिबिर घेणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. त्या खाली वाकल्या, तो तुकडा गार होऊ दिला, हातात घेऊन उलटसुलट केला आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या, 'का फुटलं असेल?'

कुणी फोडलं नाही, का फुटलं!

मग पंधरा मिनिटं चर्चा झाली. माझ्या वाडग्याचं बूड जाड आणि काठ पातळ होता. बाहेरच्या हवेत काठ चटकन आकसला, बूड मागे राहिलं, त्या ओढाताणीत भांडं चिरलं. शिवाय मातीत भाजलेल्या मातीचा चुरा कमी पडला होता. तो असला की असा धक्का माती सोसते. मी ते वहीत लिहून घेतलं. पण प्रश्नातला फरक माझ्या अंगात मुरायला आणखी काही वर्षं जावी लागली. त्याची किंमतही मोजावी लागली.

ती गोष्ट सांगण्याआधी भट्टीत काय होतं ते थोडक्यात सांगते. कच्च्या भांड्यात, ते वरून कितीही वाळलेलं दिसलं तरी, थोडं पाणी असतंच. शंभर अंशांना त्याची वाफ होते आणि ती पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. जागा मिळाली नाही तर भांडं फोडून बाहेर येते. म्हणून सुरुवातीचा जाळ मंद. पुढे साधारण साडेचारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान मातीच्या घडणीतच बांधलेलं पाणी निघून जातं. आता ती पुन्हा भिजवली तरी चिखल होत नाही. 573 अंशांवर मातीतले गारेचे कण एकदम फुगतात आणि थंड होताना त्याच अंशावर पुन्हा आकसतात. त्यामुळे चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा जपावं लागतं. आपल्या कुंभाराचा आवा साधारण सातशे ते नऊशे अंशांपर्यंत जातो. म्हणून माठ झिरपतो आणि पाणी गार राहतं. लोणच्याची चिनी मातीची बरणी मात्र बाराशेच्या आसपास भाजलेली असते. तिची माती जवळजवळ दगड होते, म्हणून मीठ आणि आंबट तिला बाधत नाही. हे सगळं होत असताना भट्टीचं दार बंद. आत काय चाललंय ते एका छोट्या भोकातून दिसेल तेवढंच. हेरमान सेगर या जर्मन रसायनतज्ज्ञानं 1886 मध्ये मातीचे छोटे सुळके तयार केले. ठरलेली उष्णता मिळाली की सुळका मान टाकतो. आजही आम्ही भोकाला डोळा लावून त्याचीच मान पाहत बसतो.

आता ती गोष्ट. 2005 मध्ये मी परसात लाकडाची भट्टी बांधली. विटा जुन्याच. साखर कारखान्याच्या बॉयलरमधून निघालेल्या अग्निविटा भंगारवाल्याकडे मिळाल्या. तरी बाकीच्या खर्चासाठी हातातल्या पाटल्या मोडल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. सासरे म्हणाले, 'पाटल्यांचं सोनं करायचं सोडून माती करतेस.' विनोद म्हणूनच म्हणाले, पण मला तो लागला.

पुण्यातल्या प्रदर्शनाची तारीख ठरली होती. भाद्रपदाचे दिवस, हवेत ओल. नेहमी भांडी आधी एकदा कमी उष्णतेवर भाजून घेतात, मग ग्लेझ लावून पुन्हा भाजतात. मी वेळ वाचवायला पहिली भाजणी गाळली. सहा महिन्यांच्या एकशे चाळीस वस्तू एकदम रचल्या आणि पहाटे जाळ घातला.

दुसऱ्या तासाला आतून आवाज आला. 'ठप्प.' थोड्या वेळानं पुन्हा.

मैत्रिणींनो, मला तेव्हाच कळलं होतं. त्या क्षणी जाळ काढून घेतला असता तर दोन-चार वस्तू जाऊन बाकीच्या वाचल्या असत्या. पण गल्लीतली माणसं कुतूहलानं कुंपणाशी उभी होती. सासरे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. नवऱ्यानं बँकेतून रजा काढून लाकडं फोडली होती. एवढ्या सगळ्यांसमोर 'चुकलं, थांबवते' कसं म्हणायचं? मी म्हटलं नाही. उलट हसत हसत आणखी लाकडं सारली. पुढचे सोळा तास मी जाळ घालत राहिले आणि आत काय झालंय ते मला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी दार उघडलं. फुटलेल्या भांड्यांच्या कपच्या उडून बाकीच्यांच्या ग्लेझमध्ये चिकटल्या होत्या. मधल्या फळीचा आधार उडाला होता, ती फळी खालच्या थरावर कोसळली होती. एकशे चाळीसमधल्या अकरा वस्तू धड निघाल्या. प्रदर्शन गेलं. पाटल्याही गेल्या.

त्या खापऱ्या मी परसाच्या कोपऱ्यात उकिरड्यावर नेऊन टाकत होते तेव्हा मला एकदम हसू आलं. 'कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येणारच' ही म्हण आपण किती सहज वापरतो! मी जन्मानं कुंभाराची सून नाही, पण आलेच की.

आणि खरीच एक कुंभाराची सून तिथं आली. आमच्या गावच्या कुंभारकाकू. संक्रांतीची सुगडी, नवरात्रातले घट, अक्षय्य तृतीयेला लागणारी मातीची भांडी त्यांच्याकडूनच घरोघर जातात. त्यांनी एक खापरी उचलली, कडेवरून अंगठा फिरवला. 'ही खपली निगालीय बगा वैनी. वली व्हती. आवाज आला आसंल की?'

मी मान हलवली.

'मग जाळ का न्हाई वडला?'

मी उत्तर दिलं नाही. काकूंनीही पुन्हा विचारलं नाही. त्यांना ते कळलं असावं. सासूबाई सूप घेऊन आल्या आणि तिघी मिळून आम्ही खापऱ्या निवडल्या, तांदूळ निवडावेत तशा. खपली उडालेल्या एकीकडे, फळीखाली चिरडलेल्या दुसरीकडे. ज्यांच्या भेगेच्या कडेवरून ग्लेझ ओघळून गोल झालं होतं, त्या ग्लेझ वितळण्याआधीच तडकलेल्या. ज्यांच्या कडा ब्लेडसारख्या होत्या, त्या गार होताना तडकलेल्या. संध्याकाळपर्यंत माझ्या वहीची चार पानं भरली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, 'पहिल्या आवाजालाच मला हाक मारायचीस. मी काय खाल्लं असतं तुला?'

तिथून काकूंशी माझी मैत्री झाली. सुगडी काळी कशी होतात ते त्यांनीच मला दाखवलं. आवा उतरणीला लागला की भुसा आणि ओलं शेण टाकायचं आणि सगळं राखेनं-मातीनं लिंपून धूर कोंडायचा. मी पाहतच राहिले. अहो, हे तर आमचं राकू! जे शिकायला मी शेजारच्या राज्यात पैसे भरून गेले, तेच तत्त्व माझ्या गल्लीच्या टोकाला दरवर्षी पौषात वापरलं जात होतं. हळदीकुंकवाला त्याच सुगड्यांत आपण ऊस, बोरं, हरभरे भरतो, पण ती काळी का आहेत हे मी कधी विचारलं नव्हतं.

काकू माती तुडवतात, लीद आणि राख मिसळतात, थापीनं मडकं थोपटून मोठं करतात, आवा रचतात, जाळ सांभाळतात, बाजारात विकतात. फक्त चाकावर बसत नाहीत. 'बाईमानसानं चाकाला हात लावू न्हाई म्हनत्यात.' देशात बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे. त्याला अपवादही आहेत. मणिपूरमध्ये भांडी घडवतात त्या बायकाच, आणि त्या चाक वापरतच नाहीत. आंद्रो गावात हे काम पिढ्यानपिढ्या बायकांच्या हाती आहे. थोंगजाओच्या नीलमणी देवी यांना त्यासाठी 2007 मध्ये पद्मश्री मिळाली. हे मी काकूंना मोठ्या उत्साहानं सांगितलं, माझ्या चाकावर बसा म्हणून आग्रहही केला. काकू हसल्या. 'चाक त्येंचं आसू द्या. जाळ माझा हाय.' मी पुन्हा आग्रह केला नाही. आव्याचा रंग पाहून 'आता पुरे' असं त्या म्हणाल्या, की कुणी एक गोवरी पुढं सारत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

2011 च्या उन्हाळ्यात तीन वर्षांची बचत आणि लंडनच्या नणंदेचा आधार यांच्या जोरावर मी वेल्समधल्या ॲबरिस्टविथला गेले. तिथला आंतरराष्ट्रीय सिरॅमिक महोत्सव 1987 पासून भरत आलाय, साधारण एक वर्षाआड, तीन दिवस. टेकडीवर कलाकेंद्र, खाली समुद्र. आत सभागृहात देशोदेशीचे कुंभार आणि कलावंत सर्वांसमोर काम करून दाखवतात आणि बाहेर मोकळ्यावर भट्ट्या पेटतात. रात्री दहापर्यंत उजेड मावळत नाही, मग अंधारात भट्टीच्या तोंडाशी घोळका. चहाचे कप हातात घेऊन लोक तासन् तास उभे! मला आपल्याकडच्या होळीची आठवण झाली. फरक एवढाच, की इथं प्रत्येकाला प्रश्न होते. लाकूड कुठलं? हवा कुठून घेतली? आणि बिघडलं तर, का?

त्या घोळक्यात नीना होले हे नाव वारंवार कानावर यायचं. डेन्मार्कची ही शिल्पकार 1941 मध्ये जन्मली, 2016 मध्ये गेली. तिची शिल्पं पुरुषभर उंचीच्याही वर जायची. ती कुठल्याच भट्टीत मावणारी नव्हती. म्हणून तिनं शिल्पालाच भट्टी केलं! मातीचे वळवलेले तुकडे एकावर एक रचत ती पोकळ मनोरा उभारायची. खाली जाळाची जागा, वरून उष्णता धरून ठेवणाऱ्या सिरॅमिक फायबरची गोधडी. हजार अंशांच्या पुढं गेलं, की रात्रीच्या अंधारात ती गोधडी काढायची आणि गावाच्या मधोमध निखाऱ्यासारखा पेटलेला मनोरा उभा. लोक त्यावर भुसा फेकत, ठिणग्या उडत. हे काम एकटीचं नव्हतंच. दोन-तीन आठवडे स्वयंसेवकांचा ताफा राबायचा. मी हे फक्त चित्रफितीत पाहिलंय. ती गोधडी निघताना मला मात्र माझ्या परसातलं कुंपण दिसतं. एवढ्या लोकांसमोर ते उघडं करायचं, आत काय झालंय ते ठाऊक नसताना! आणि ती ते देशोदेशी करत राहिली.

आपल्या देशातही असं धाडस झालंय. डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी 1971 मध्ये पाँडिचेरीला 'गोल्डन ब्रिज पॉटरी' सुरू केली. भारतातल्या स्टुडिओ कुंभारकामाच्या कितीतरी पिढ्या तिथं घडल्या. त्याच मीकर यांनी 1980 च्या दशकात कच्च्या विटांचं घर बांधून, आत विटा-भांडी रचून, अख्खं घरच भट्टीसारखं भाजायचे प्रयोग केले. 2018 मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात पहिली इंडियन सिरॅमिक्स ट्रायएनाले झाली, तेव्हा मी मुलीला घेऊन गेले. ती उभी करणाऱ्या सहा कलावंतांत चार बायका होत्या. दुसरी 2024 मध्ये दिल्लीत झाली. चिनी माती म्हणजे फक्त कपबशी असं समजणाऱ्या माझ्या मुलीनं तिथून आजीला फोन केला, 'आजी, इथं माती खोलीभर पसरलीय आणि तिला कुणी रागावत नाही!'

माझे स्वतःचे प्रयोग लहानच आहेत. तेलाच्या पिंपात भुसा ठासून रात्रभर धुमसणारी भट्टी. खड्ड्यात केळीचे सोप, मीठ आणि मोरचूद घालून भाजलेली भांडी. त्यावर कधी गुलाबी, कधी लाल डाग उठतात. (त्या धुरापाशी तोंडाला चांगला मास्क हवाच, आणि पोरंबाळं लांब!) उसाच्या चिपाडाच्या राखेचं ग्लेझ मी चार वर्षं करत होते. ती राख एकटी वितळत नाही, तिला फेल्स्पार आणि खडूची सोबत लागते. त्रेचाळिसाव्या चाचणीला एक मऊ, ताकासारखा पांढरा रंग मिळाला. आधीच्या बेचाळीस चकत्या मी टाकल्या नाहीत. दोऱ्यात ओवून भिंतीवर टांगल्यात. आणि एक सांगायलाच हवं. राकूची किंवा धुरात काळी केलेली भांडी शोभेची. ती झिरपतात, त्यांत जेवण वाढू नका. लोणच्याला आपली बरणीच बरी.

गेली काही वर्षं संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आमच्या परसात 'भट्टीचा दिवस' असतो. पत्रिका नाही, फीत कापणं नाही. गल्लीतल्या, बँकेच्या कॉलनीतल्या बायका आठ दिवस आधी येऊन वाटी, पणती, सुगडं असं काहीबाही करून जातात. त्या दिवशी पिंपाची राकू भट्टी पेटते. सासरे आता नाहीत. सासूबाई त्यांच्या आरामखुर्चीत बसतात, काकू भोकाशी. माझ्याकडे उष्णता मोजायचं यंत्र आहे, पण बायका विचारतात काकूंनाच.

यंदा एक नवी सून सासूबरोबर आली होती. तिची वाटी मी चिमट्यानं बाहेर काढली आणि 'टण्ण'! तोच आवाज. दोन तुकडे. पोरीचा चेहरा खर्रकन उतरला, तिनं आधी सासूकडं पाहिलं. क्षणभर सगळं परस गप्प. तेवढ्यात काकूंची सहावीतली नात पुढं धावली आणि मोठ्यांदा म्हणाली, 'का फुटलं?'

दहा-बारा डोकी त्या तुकड्यांवर वाकली. कुणी म्हणालं बूड जाड, कुणी म्हणालं माती नीट मळली नव्हती. त्या पोरीची सासूही चष्मा काढून कडा पाहत होती. तुकडा गार झाल्यावर ती पोरगी खाली बसली आणि बुडाची जाडी बोटानं मोजायला लागली.

भट्टीत अजून चार भांडी होती. मी हातमोजे काढून तिला दिले आणि चिमटा तिच्या हातात ठेवला.